सवतीचा टाक

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा मोठ्या काकांनी एक काम अंगावर टाकलं. "तू कम्प्युटरवाला ना, मग आपल्या घराण्याची वंशावळ नीट मांडून दे. भाटाच्या वहीवर किती दिवस भागवायचं?"

मला काम सोपं वाटलं. एका दुपारी लॅपटॉप उघडून छोटासा डेटाबेस केला. प्रत्येक माणसाला एक नोंद, त्यात नाव, जन्माचं साल, आई, वडील, जोडीदार. नावाचा रकाना अर्थातच सक्तीचा ठेवला. नाव नाही असं माणूस कुठे असतं?

पणजोबांपर्यंत पोचलो आणि गाडी अडली. आजी ओट्यावर वाती वळत बसली होती. पणजीचं नाव सांगून झाल्यावर ती सहज म्हणाली, "ही दुसरी. पहिली बाळंतपणात गेली."

"तिचं नाव काय?"

आजीने वात वळायची थांबवली, थोडा विचार केला. "नाव नाही बाबा ठाऊक. खर्ड्याकडची होती म्हणायच्या आत्याबाई."

मी रकाना रिकामा ठेवून नोंद सेव्ह करायला गेलो. स्क्रीनवर लाल अक्षरं आली, 'नाव आवश्यक आहे'. तो नियम मीच लिहिला होता.

आजी उठली, देवघरातून खंडोबा-भवानीच्या टाकांशेजारचा एक चांदीचा बारका टाक घेऊन आली. लहानपणापासून मी तो पाहिला होता. देवीचाच कुठलातरी असेल असं धरून चाललो होतो. आजीने तो उलटा करून दाखवला. वरच्या बाजूला दोरा ओवायची कडी होती. देवघरातल्या टाकाला कडी कशाला असेल?

"हा गळ्यातला आहे. सवतीचा टाक. आत्याबाईंचं लग्न झालं तेव्हा त्यांच्या गळ्यात घातला. पहिलीने त्रास देऊ नये म्हणून."

पहिली बायको बाळंतपणात गेली, तर दुसरीने तिची प्रतिमा गळ्यात घालायची, सणाला तिला निवद दाखवायचा, नवं लुगडं आधी तिच्या नावाने ठेवायचं. ही चाल महाराष्ट्रात अनेक घरांत होती. म्हणजे अशा मरणासाठी समाजाकडे एक रीत तयार होती, तिच्यासाठी सोनार दागिना घडवत होता. असं मरण दुर्मीळ असतं, तर त्याची रीत पडली नसती.

*

ती कशाने गेली, एवढं मात्र आजीला ऐकून माहीत होतं. बाळ झालं, पण वार पडली नाही. सुईणीने पोट चोळलं, तिच्या तोंडात तिचेच केस कोंबले, ओकारी येऊन जोर लागावा म्हणून. अंगावरून जात राहिलं. दिवस मावळायच्या आत सगळं संपलं. बाळही चार दिवसांनी गेलं. आजोबांच्या जन्मावरून मागे मोजत गेलं, तर हे साल १९३५ च्या आसपासचं येतं.

पुण्याला परत आल्यावर मी ते साल घेऊन वाचायला बसलो. सुरुवात एका आकड्याने झाली. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९४६ साली भारताच्या आरोग्यावर मोठा अहवाल दिला. त्यातला अंदाज असा, की दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे २० माता मरतात आणि देशभरात वर्षाला दोन लाखांच्या आसपास बायका गरोदरपण-बाळंतपणामुळे जातात.

हजारात २० म्हणजे दोन टक्के. ऐकायला फार वाटत नाही. पण बाळंतपण एकदाच होत नसे. माझ्या पणजीची सात झाली. प्रत्येक वेळी ९८ टक्के वाचण्याची शक्यता धरली, तर सातही खेपांतून वाचण्याची शक्यता सुमारे ८७ टक्के उरते. प्रत्येक खेपेचा धोका सारखा नसतो, त्यामुळे हा ढोबळ हिशोब आहे. तरी तो सांगतो, की साधारण आठातली एक बाई बाळंतपणातच जायची. आमच्या वाड्यात तेव्हा चार भावांची चार खोपटं होती. म्हणजे दोन वाड्यांमागे एक टाक.

मला वाटलं होतं, हा गरिबीचा आणि मागासलेपणाचा प्रश्न असणार. इंग्लंडमध्ये तेव्हा असं काही नसणार. तिथे पहिला धक्का बसला. इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून लहान मुलांचं मरण झपाट्याने कमी होत होतं, पण मातांचं नाही. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तिथेही हजार बाळंतपणांमागे चार-पाच माता मरतच होत्या. पैसेवाल्या घरांचीही त्यातून सुटका नव्हती. चांगलं खाणं, चांगलं घर, स्वच्छ पाणी यांनी मुलं वाचली. बाळंतिणीला तेवढं पुरलं नाही.

मग १९३५ च्या आसपास ती आडवी रेघ अचानक खाली वळते. त्याच वर्षी लंडनमध्ये डडली आणि मॉयर यांनी राय धान्यावर पडणाऱ्या बुरशीतून अर्गोमेट्रिन वेगळं काढलं. बाळंतपणानंतर गर्भाशय आवळून रक्तस्राव थांबवणारं हे औषध. पुढच्याच वर्षी लिओनार्ड कोलब्रुक यांनी सल्फा गटातल्या औषधाने बाळंतरोग बरा होतो हे दाखवलं. मग रक्त चढवण्याची सोय वाढली, पेनिसिलिन आलं. १९५० पर्यंत इंग्लंडमधला आकडा हजारी एकाच्याही खाली गेला.

खर्ड्याकडची ती मुलगी ज्या सुमारास रक्त जाऊन मेली, त्याच सुमारास तिला वाचवू शकणारं औषध लंडनच्या प्रयोगशाळेत बाटलीत उतरलं होतं. लंडन ते आमचं गाव या प्रवासाला त्याला किती वर्षं लागली? मला शोधायचा होता तो इतिहास हाच.

*

आपल्याकडे कुणाला काळजी नव्हती असं नाही. कल्याणच्या आनंदीबाई जोशींना चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. त्या दुःखातून त्या अमेरिकेला गेल्या, १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्यांचा प्रबंध हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावरच होता. पुढच्याच वर्षी, वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या आतच, क्षयाने त्या गेल्या. १८८६ सालीच मुंबईत बायकांसाठी कामा हॉस्पिटल उघडलं. डफरिन फंडातून बायकांसाठी दवाखाने उभे राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी सुईणींना शिकवण्याचे वर्ग निघाले.

पण हे सगळं शहरांत झालं. भोर समितीने नकाशा उलटा धरला आणि विचारलं, खेड्यातल्या माणसाच्या दारात काय पोचेल? त्यातून प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना आली आणि १९५२ पासून केंद्रं उभी राहू लागली. त्यासोबत एक नवी नोकरी जन्माला आली, एएनएम. दीड-दोन वर्षांचं प्रशिक्षण घेतलेली, गावोगाव फिरून गरोदर बायका तपासणारी, बाळंतपण करणारी नर्स.

कागदावर हा आराखडा चांगला होता. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं, तर आर्किटेक्चर बरोबर होतं, पण शेवटच्या टोकाला असलेल्या माणसाचा कुणी विचार केला नव्हता. वीस वर्षांची शहरातली अविवाहित मुलगी अनोळखी गावात एकटी राहणार. तिच्या खोलीला धड कडी नाही. गावातल्या सासवा तिला विचारणार, "तुझं एक तरी झालंय का, तू आम्हाला शिकवतेस?" ती आपली जीव मुठीत धरून बदलीची वाट बघणार. भरीला कुटुंबनियोजनाची टार्गेटं आली. मग ती दारात दिसली की बायका मागच्या दाराने पसार व्हायच्या.

*

याच टप्प्यावर आमच्या भागातलीच एक गोष्ट सुरू होते. मी ती पाठ्यपुस्तकात वाचली नव्हती आणि तिथून पंचवीस किलोमीटरवर माझं गाव आहे.

रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेलं. खेड्यात काम करायचं असं लग्नाआधीच ठरवलेलं. आधी काही वर्षं त्यांनी नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या दवाखान्यात काम केलं आणि तिथे त्यांच्या लक्षात आलं, की बरे होऊन गेलेले रोगी तेच रोग घेऊन परत येतात. मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून त्यांनी १९७० साली जामखेड निवडलं. दुष्काळी, गरीब, जवळ मोठा दवाखाना नाही. जनावरांच्या जुन्या, पडक्या दवाखान्यात त्यांनी काम सुरू केलं.

पहिली दोन वर्षं त्यांनीही सगळ्यांनी केलं तेच केलं. नर्स गावात पाठवल्या. त्यांचंही तेच झालं, जे सरकारी एएनएमचं झालं होतं. मग त्यांनी गावालाच सांगितलं, तुमच्यातली एक बाई निवडा, आम्ही शिकवतो. आलेल्या बायकांपैकी बहुतेक निरक्षर होत्या, कितीतरी दलित वस्तीतल्या, काही टाकलेल्या, काही विधवा. दर आठवड्याला त्या जामखेडला यायच्या, एकत्र राहायच्या, एकत्र जेवायच्या, शिकायच्या आणि गावी जाऊन शिकलेलं करायच्या.

काय शिकायच्या? गरोदर बाईने पोटभर जेवायचं. आमच्याकडे समज उलटा होता. आजी सांगते, जास्त खाल्लं तर बाळ मोठं होईल आणि अडेल, म्हणून सातव्या महिन्यापासून तिला अर्धी भाकरी कमी वाढायचे. पोट हाताने तपासून बाळ आडवं आहे का ते ओळखायचं. पायावर सूज, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी असेल तर वाट बघायची नाही, दवाखान्यात पाठवायचं. बाळंतपणाला निर्जंतुक केलेलं पुडकं वापरायचं, त्यात पातं, दोरा आणि गॉज. हात कसे धुवायचे. आणि कुठल्या वेळी म्हणायचं, की हे माझ्या हातचं नाही, बैलगाडी काढा.

ही शेवटची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बाळंतिणीला शेवटी वाचवतं ते औषध, रक्त आणि सिझेरियन. ते गावात होणार नाही. पण 'आत्ताच निघायला हवं' हा निर्णय गावातच, घरातच व्हायला हवा आणि तो घेणारी बाई सासूला पटणारी हवी. जामखेडमध्ये मागे दवाखाना होता आणि पुढे गावातली बाई होती. दोन्ही टोकं जोडलेली होती.

आणि हे फक्त आरोग्याचं काम राहिलं नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात पाण्यासाठी बोअर घेतले, तेव्हा हातपंप दलित वस्तीत बसतील असं पाहिलं. पाणी हवं तर सगळ्या गावाला तिथे जावं लागायचं. ज्या बाईच्या हातचं पाणी चालत नव्हतं, तिच्याच हाताने पुढे मराठ्याच्या घरातलं बाळंतपण होऊ लागलं. महिला मंडळं झाली, शेतकऱ्यांची मंडळं झाली. बाळंतपण सुरक्षित करायचं, तर बाईच्या ताटात काय पडतं आणि तिच्या तोंडातून निघालेला शब्द घरात कोण ऐकतं, इथपर्यंत जावं लागतं.

संस्थेच्या स्वतःच्या नोंदी सांगतात, की १९७१ साली त्या गावांत हजार जन्मलेल्या बाळांपैकी १७६ वर्षाच्या आत मरत होती आणि गरोदरपणात तपासणी झालेल्या बायका जेमतेम अर्धा टक्का होत्या. पाच वर्षांत तपासणी होणाऱ्या बायका ८० टक्क्यांपर्यंत गेल्या. बालमृत्यू नव्वदीच्या दशकापर्यंत विशीच्या आसपास उतरले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण होतं आणि १९७८ साली अल्मा-आटाच्या परिषदेत 'प्राथमिक आरोग्यसेवा' हा शब्द जगाने स्वीकारला, तेव्हा समोर असलेल्या उदाहरणांत जामखेड होतं. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आजीचं माहेर जामखेड तालुक्यातलं. १९७६ साली धाकट्या आत्याच्या वेळी ती माहेरीच होती. मी तिला विचारलं, तेव्हा कोण आलं होतं बाळंतपणाला?

"आमच्या गावातलीच एक बाई. दवाखान्यात शिकलेली. आधी हात धुतले तिने, कितीतरी वेळ. आई म्हणाली, अगं लग्नाची मेंदी काढतेस का?" आजी हसली. मग म्हणाली, "पुडकं फोडून नवं पातं काढलं. आधीच्या चार वेळेला विळाच होता."

*

सरकारने ही कल्पना १९७७ सालीच उचलली. गावागावात एक आरोग्य कार्यकर्ता नेमायचा. पण निवड झाली ती बहुतेक ठिकाणी पुरुषांची. गावात निवड करणाऱ्यांना तेच सोयीचं होतं. बाळंतिणीच्या खोलीत त्या पुरुषाला कोण येऊ देणार? काही वर्षांत योजना विरत गेली. पुढे २००२ साली छत्तीसगडमध्ये 'मितानिन' आल्या, इकडे गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी गावातल्याच बाया नवजात बाळं वाचवू शकतात हे आकड्यांनिशी दाखवलं, आणि २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून देशभर 'आशा' आली. गावातली सून, गावाने निवडलेली. जामखेडपासून तिथपर्यंत पोचायला पस्तीस वर्षं लागली.

आता माझ्या स्वतःच्या कामाबद्दल सांगतो.

तीन वर्षांपूर्वी आमच्या टीमकडे गरोदर बायकांच्या नोंदींचं एक अ‍ॅप होतं. मी त्यातली तपासणीची स्क्रीन लिहिली. वजन, हिमोग्लोबिन, रक्तदाब. क्लायंटची तक्रार होती, की रक्तदाबाचा रकाना निम्म्या वेळा रिकामा येतो. मी तो सक्तीचा केला. दोन ओळींचा बदल होता. पुढच्या महिन्यात रकाने शंभर टक्के भरलेले आले. डॅशबोर्ड हिरवागार. मॅनेजरने मेल पाठवून कौतुक केलं.

मग सहज ते आकडे उघडून बघितले. १२०/८०. १२०/८०. ११०/७०. १२०/८०. पानामागून पानं.

पुढे एका उपकेंद्राला भेट द्यायची वेळ आली, तेव्हा तिथल्या सिस्टरना मी विचारलं. त्यांनी कपाटातून मशीन काढून माझ्यापुढे ठेवलं. पट्टा फाटलेला, हवा धरत नव्हता. "कळवून चार महिने झाले, सर. फॉर्म भरल्याशिवाय पुढं जात नाही. फॉर्म गेला नाही, तर बाईचे पैसे अडकतात, आमच्या आशाताईचेही अडकतात. मग काय लिहू, तुम्हीच सांगा."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. रिकामा रकाना निदान ओरडून सांगत होता, की इथे मशीन चालत नाही. मी त्याचं तोंड बंद केलं होतं.

त्याच पावसाळ्यात माझी ताई पुण्यात आठव्या महिन्यात होती. नेहमीच्या तपासणीला गेली, काही त्रास नव्हता, जराशी सूज. रक्तदाब निघाला १५०/१००. लघवीत प्रोटीन. डॉक्टरांनी त्याच दिवशी दाखल करून घेतलं, औषध सुरू केलं, आठ दिवसांनी सिझेरियन झालं. भाची आता तीन वर्षांची आहे आणि माझा चष्मा तोडणं हा तिचा छंद आहे. डॉक्टर म्हणाल्या, अशा बाईला झटके येईपर्यंत अनेकदा तिला स्वतःला काहीच कळत नाही, मशीनवरचा आकडाच आधी सांगतो. ज्या आकड्याने माझी बहीण वाचली, तो आकडा मी कितीतरी जणींच्या बाबतीत खोटा लिहायला लावला होता.

आम्ही नंतर स्क्रीन बदलली. 'मोजता आलं नाही' असा पर्याय दिला आणि खाली कारण विचारलं, मशीन बंद, सेल नाहीत, बाई गावाला गेली. डॅशबोर्ड लाल झाला, बैठकीत बोलणी खावी लागली. पण त्या लाल यादीवरून काही ठिकाणी नवी मशीनं गेली. सगळीकडे गेली असं मी म्हणणार नाही.

*

१९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली जवळपास चारातली एकच बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ८८.६ टक्के आहे. मातामृत्यूंचा आकडा लाख जिवंत जन्मांमागे २०१८-२० मध्ये भारतात ९७ आणि महाराष्ट्रात ३३. भोर समितीच्या मापाने तो तेव्हा दोन हजार होता. हे एका पिढीने किंवा एका संशोधकाने केलेलं नाही. बुरशीतून औषध काढणाऱ्यांपासून पाते उकळून घेणाऱ्या निरक्षर बायकांपर्यंत आणि रात्री दोन वाजता १०८ च्या गाडीत बाळंतिणीचा हात धरून बसणाऱ्या आशाताईपर्यंत सगळ्यांचं आहे. त्या आशाताईंना २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने गौरवलं. मानधनासाठी मात्र त्यांना अजून रस्त्यावर बसावं लागतं.

आणि ३३ ही सरासरी आहे. त्याच वर्षांत केरळचा आकडा १९ होता आणि आसामचा १९५. सरासरीत मेळघाटातली पावसाळ्यात तुटणारी वाट दिसत नाही, ऊसतोडीला गेलेली आणि त्यामुळे कुठल्याच गावच्या यादीत नसलेली गरोदर बाई दिसत नाही. आमच्याच भागातून दर दिवाळीनंतर ट्रॅक्टर भरून अशी माणसं जातात. त्यांच्या नोंदी कोणत्या आशाताईने करायच्या?

वंशावळ मी मागच्या महिन्यात पूर्ण केली. नावाच्या रकान्यावरची सक्ती काढून टाकली. पणजोबांच्या शेजारी आता दोन नोंदी आहेत. पहिल्या नोंदीत नावाची जागा रिकामी आहे. त्याखाली लिहिलंय, 'माहेर खर्ड्याकडचं. वार न पडल्याने गेली, १९३५ च्या सुमारास. एक मूल, चार दिवसांचं.'

प्रिंट काढून काकांना दिली. ते चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "इथं काहीतरी नाव टाकायला हवं होतं. बरं नाही दिसत. लक्ष्मीबिक्ष्मी टाक."

"नको काका," मी म्हटलं, "राहू दे रिकामं."

आजीने टाक चिंचेने घासून लख्ख केला होता. तो तिने परत देवघरात ठेवला, खंडोबाच्या शेजारी, कडी वरच्या बाजूला करून.